हेमराज आजोबांची शर्यत: तपास बाकी

कोरीट, १२ फेब्रुवारी

ती. रमिलाअक्का यांस,

धाकट्या भावजयीचा, आशाचा, पाया पडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डावा कान आणि उजवा डोळा अजून थोडे लाल आहेत, आणि तेच सांगायला बसले आहे.

मागच्या आठवड्यात मोबाईलवर एक मजकूर फिरत आला, की फोन तासभर वाळत्या लाल मिरचीच्या ढिगात पुरून ठेवला की रेंज दुप्पट होते. खाली 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असं लिहिलेलं. मी दिसेल ते वाचते हे तुम्हाला ठाऊक आहे (किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरच मी वाचायला शिकले, आणि पुडीचा कागद माझ्याशी कधी खोटं बोलला नाही). म्हणून मी तो सोळा जणांना पाठवला आणि स्वतःचाही फोन पुरला. तासाने काढून कानाला लावला. रेंज होती तेवढीच होती, कान मात्र गावाच्या शिवेवरून ओळखू यावा असा लाल झाला. मग त्याच हाताने डोळा पुसला. त्या दिवशी अर्ध्या कोरीटचा एकेक कान लाल होता, आणि शाळेचे गोपाल गुरुजी पोरांना लवकर सोडून रांजणापाशी तोंडावर पाणी मारत बसले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले. मला वाटलं, भांडायला. तर म्हणाले, "आशाकाकू, मोबाईलवरचं खरं-खोटं कसं ओळखायचं ते सातवीला तुम्हीच शिकवा. एवढं खोल फसलेलं गावात दुसरं कोणी नाही."

मी मुलांना नंदुरबारच्या मिरची बाजाराची रीत सांगितली. मुरलेला व्यापारी ढिगाच्या वरची मिरची बघतच नाही (वर सगळे चांगलीच ठेवतात, आपणही ठेवतो). तो कोपरापर्यंत हात घालून तळातली काढतो, मोडतो, बी बघतो, कुठल्या शेतातली ते विचारतो, आणि शिवाय शेजारच्यालाही दाखवतो. मजकुराचंही तसंच. पहिल्यांदा लिहिला कोणी, कधी, त्याला कसं कळलं, आणि दुसरं कोणी तेच सांगतं का. मुलं इतकी पेटली, की गुरुजींच्या रोजच्या सुविचारांपैकी दोन भलत्याच माणसांच्या नावावर खपत होते हेही त्यांनी शोधून काढलं.

मग माझी जीभ वळवळली. म्हटलं, पक्की खरी गोष्ट कशी असते तेही दाखवावं. ह्यांनी लग्नाआधी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांची शर्यत जिंकली ती सांगितली, लगाम तुटला तिथपासून बक्षिसाच्या फेट्यापर्यंत. रिना नावाची काडीसारखी पोर उठली.

"आजी, हाई तुमले कोनी सांगं?"

म्हटलं, आजोबांनीच.

"मंग दुसरं कोनी देखं?"

म्हटलं, घोड्याने. वर्ग हसला, रिना नाही. गुरुजींच्या फोनवर ह्यांचं नाव घालून शोधलं, तर एक हेमराज निघाले. ते वरातीला घोडी पुरवतात आणि हयात आहेत. (ऐकून क्षणभर बरं वाटलं, मग फोटो बघितला.) शेवटी रिनाने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: 'हेमराज आजोबांची शर्यत: तपास बाकी.' गुरुजी ते पुसत नाहीत, म्हणतात, तुमचीच शिकवण. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, एवढ्या दिवसांनी नाव कुठे लिहिलं गेलं, तर ते असं.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांगा.

तुमची,
आशा

ता. क. त्या यात्रेत तुम्हीही होता असं हे सांगायचे (हेही त्यांनीच सांगितलेलं). तर काय पाहिलं ते सहीनिशी लिहून पाठवा. पुढचा वर्ग शुक्रवारी आहे.

आणखी ता. क. भाऊ म्हणून सांभाळून घेऊ नका. घोडा शेवटचा आला असेल, शर्यतच झाली नसेल, तरी तसंच लिहा, फक्त सगळं लिहा. ह्यांच्याबद्दल मला माहीत नसलेलं काही, किती दिवसांत कानावर आलेलं नाही.