नावाची जागा

गुरुजी,

परवा भावाची मुलगी आली होती. कॉलेज सुटल्यावर वस्तीकडे जाणारी एसटी लागेपर्यंत ती बारामतीत माझ्याकडे थांबते, चहा पिते, मोबाईल बघत बसते. खाली प्रचाराची रिक्षा फिरत होती. एक गेली की दुसरी, गाण्याची चाल तीच, आतलं नाव तेवढं वेगळं. ही पोर यंदा पहिल्यांदा मत देणार. मला म्हणाली, "आत्या, खरं सांग, कोण बी आलं तरी आपल्याला काय फरक पडतो?" "काय बी न्हाय," हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. सगळी उमर कचेरीत काढलेल्या बाईला त्यासाठी विचार करावा लागत नाही. पण ही पोर रोज कालव्यावरच्या पुलावरून येते-जाते हे डोळ्यांपुढे आलं. "गाडी चुकंल, नीघ," एवढंच म्हटलं. तिला नाही सांगितलं, तुम्हाला सांगते. त्या पुलासाठी तुम्ही झिजलात आणि पूल न बघताच गेलात. तो तेव्हा का झाला नाही, याचं जे कारण मी तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं होतं.

वस्ती कालव्याच्या अलीकडे, हायस्कूल पलीकडे. पाणी सोडलं की कालवा काठोकाठ वाहायचा आणि मध्ये एकच वाट, कुणा बागायतदाराने पलीकडे नेलेला लोखंडी पाइप. पोरं त्यावरून माकडासारखी जायची. पोरींना कोण पाठवणार? खरा पूल होता, पण तो इतका लांब की तेवढ्या फेऱ्यात दिवस जायचा. सातवी झाली की पोरीचं दप्तर खुंटीला लागायचं ते कायमचंच. माझंही लागलं होतं. तुम्ही आमच्या दारात आलात आणि अण्णांना म्हणालात, "पाणी असंल त्या दिवशी मी नेतो तिला." मी तो पाइप अजून पायांनी ओळखेन. तुम्ही पुढे, तुमचा हात मागे, आणि तुम्ही मला जोरजोराने पाढे म्हणायला लावताय, म्हणजे मी खाली बघणार नाही.

दर वर्षी तुम्ही पुलासाठी निवेदन लिहायचात आणि माझं अक्षर बरं म्हणून पक्की प्रत मी काढायची. तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या घरच्या, आमच्या चाची, भाकऱ्या थापत असायच्या त्या चुलीच्या उजेडाला. एकदा मी आपल्या मनाने 'कृपा करून' घातलं तर केवढे रागावलात. "कृपा कशाला? भीक मागतोय का आपुन? विनंती लिही." आणि वर 'माननीय' लिहिलं की पुढची जागा सोडायला लावायचात. मी विचारलं, नाव कुणाचं घालू? "ऱ्हाऊ दे कोरी. माणसं बदलत्यात, कालवा हाय तितंच हाय." सभेला जो कोणी येईल त्याच्यापुढे उभं राहून तुम्ही खिशातलं पेन काढायचात आणि ते नाव भरायचात. पेन हिरवं होतं, टोपणाला दोरा गुंडाळलेलं.

त्या सवयीने एकदा फजिती झाली ती आठवते? निवेदनात आपण ठासून लिहिलं होतं की मागच्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सभेला आलेले पुढारी नव्या पक्षाचे, गळ्यात नवं उपरणं. त्यांनी कागद वाचला आणि खो खो हसले. "गुरुजी, ते मागचं मीच की वं!" आठवड्यापूर्वीच पक्ष बदलून इकडे आले होते, आपल्याला पत्ताच नव्हता. सगळी सभा हसली, तुम्हीही हसलात. त्यांनी चहा पाजला, कागद खिशात घातला, आणि ये रे माझ्या मागल्या. परतताना तुम्ही फक्त एवढंच म्हणालात की पुढच्या वर्षी 'मागच्यांनी' हा शब्द गाळू.

मला तालुक्याच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा ते हिरवं पेन तुम्ही मला देऊन टाकलंत. आता नावं भरायला तूच हाईस, म्हणालात. आणि मग एका वर्षी निवेदन घेऊन थेट माझ्याच टेबलाशी आलात. खाली तुमची थरथरती सही, वर जागा कोरी. मी ते घेतलं, चहा मागवला. तुम्ही गेल्यावर कागद तसाच धरून बसले. त्याआधीच्या निवडणुकीत आपल्या वस्तीने पडलेल्या बाजूला मत दिलं होतं. बूथ कुठला आणि मतं कुठे गेली हे तालुक्यात कुणापासून लपतं? मला वाटलं, हा कागद वर ठेवला की साहेब विचारतील, कुठली वस्ती? मग विचारतील, तुमचीच का ती? आणि मग माझी बदली. माझी पोरं लहान होती. गुरुजी, मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. ना साहेबांनी, ना कुठल्या कार्यकर्त्याने. वारा बघून मीच पाठ फिरवली. कागद खालच्या खणात, जुन्या कॅलेंडरांखाली ठेवला.

तुम्ही दर महिन्याला यायचात. बाकावर बसायचात, छत्री दोन गुडघ्यांत धरून. "पोरी, कागद पुढं गेला का?" आणि मी म्हणायची, "गेलाय गुरुजी. वरनंच हालत न्हाय. सरकारच तसलं हाय." माझा पाय तेव्हा त्याच खणाला लागलेला असायचा. तुम्ही कधी चिडला नाहीत. "आसू दे. दुसरं यील. परत लिहू," म्हणायचात आणि माझ्या पोरांची चौकशी करून जायचात. असं तीन वर्षं. मग एका महिन्यात तुम्ही आला नाहीत.

पुढे सरकार बदललं. आपल्या वस्तीने ज्यांना मत दिलं होतं ते आले. मी कागद काढला, तुमच्याच पेनाने कोऱ्या जागेत नवं नाव भरलं आणि साहेबांपुढे ठेवला. साहेब तेच होते, गुरुजी. मान वर न करता त्यांनी सही केली. कुठली वस्ती, एवढंसुद्धा विचारलं नाही. वर्षाच्या आत पूल झाला. आता तिथे दोन बोर्ड आहेत, दोन पक्षांचे, दोघेही म्हणतात आम्ही केला. मी गावी गेले की मान खाली घालून त्यांच्यामधून चालते.

मग फरक पडतो की नाही? यांच्या काळात पूल झाला, म्हणजे पडला म्हणायचा. पण त्या आधीच्यांनी नाही म्हटलं असतं का, हे मला कधीच कळायचं नाही. मी त्यांना विचारलंच नाही. कुंपणानेच शेत खाल्लं आणि बोंब पावसाच्या नावाने. त्या तीन वर्षांत वस्तीतल्या चार पोरी सातवीला थांबल्या. त्यातली एक भिगवणला हायवेच्या हॉटेलात भाकऱ्या थापते. मी जेवायला गेले की न मागता एक गरम भाकरी आणून वाढते, मावशी म्हणते. मला ती खाववत नाही, पण टाकवतही नाही.

मी आता थकले आहे. पेन्शनीत निघाले, तरी येणारा-जाणारा विचारतो, यंदा कुणाचं येतंय? मी हसते. भावाची पोर उद्या परत येईल आणि तेच विचारेल. तिला हे वाचायला द्यावं असं लिहायला बसताना मनात होतं. आता वाटतं, नको. घडी घालून खणात ठेवीन, सवयच आहे ती. फक्त एक तुम्हाला सांगते. तुम्ही गेलात म्हणून माझं मन मला खाऊ लागलं आणि मी तो कागद बाहेर काढला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. ते सरकार पडलं नसतं, तर तो कागद कॅलेंडरांखालीच राहिला असता.