मंगलची बाजरीची भाकरी आणि माझं खोटं

१८ नोव्हेंबर
गुडघा तसाच. दुपारी मंगल आली, माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. तेव्हा सातवी ब, गणितात यथातथाच. सप्टेंबरात ओढ्याचं पाणी वस्तीत घुसलं, घर गेलं, आवराआवरीत धुण्याभांड्याची कामंही सुटली. मी साड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. नको म्हणाली, साड्या पुष्कळ आल्यात. गल्लीतल्या आठ जणी मिळून भाकऱ्या विकणार आहेत, मार्केट यार्डातल्या हमालांच्या खानावळीला. आठही जणी मालकिणी. मजुरी घ्यायची, वर उरेल त्यातून गल्लीतली दारं-छपरं दुरुस्त करायची. क्रमही ठरलाय : आधी म्हातारं माणूस असलेलं घर.

२१ नोव्हें.
बिबवेवाडीहून रिक्षाने वस्तीवर. भिंतींवर कमरेइतकी चिखलाची रेघ अजून आहे. तिथंच चार शेगड्या. काय हात चालतात एकेकीचे! मी सहसा कौतुक करत नाही. आज केलं, मनातल्या मनात.

२५ नोव्हें.
मंगल नमुना घेऊन आली. उद्या पहिली खेप. हमालांना आवडली तर खानावळवाला कायम घेणार, नाहीतर सगळं बंद. भाकरी कडसर लागली. पण तिच्या बोटांवरचे फोड दिसले आणि म्हणून गेले, "छान झालीय." दिवाळीत शेजारणीला तुमची चकली नरम आहे असं तोंडावर सांगणारी मी.

२७ नोव्हें.
कालच्या भाकऱ्या परत आल्या. हमाल दोन घास खाऊन उठले. रोज गिरणीत कोण जाणार, म्हणून या आठ जणींनी पंधरा दिवसांची बाजरी एकदम दळून ठेवली होती. पीठ कडू होणारच. मंगलला खरं सांगून टाकलं, की मला परवाच कळलं होतं. ती रागावली नाही. म्हणाली, "शाळेत मला कधी उगाच अर्धा मार्क दिला नाहीत, बाई. आताच कशाला दिलात?"


२८ नोव्हें.
फार लाज वाटते. बिचारी म्हणून बघितलं तिच्याकडे. तिला गिऱ्हाईक हवं होतं.

३० नोव्हें.
मंगल स्वतः खानावळवाल्याकडे गेली. चूक आमची म्हणाली, सोमवारी एकदा खाऊन बघा. तो कबूल झाला, पण एकदाच. आता लागेल तेवढंच रोज दळायचं, पाळीपाळीने. वाटलं होतं, आठ जणी एकमेकींवर ढकलतील. एकीनेही दुसरीचं नाव घेतलं नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला न्यायला हव्यात.

२ डिसें., सोमवार
नऊला मंगल टोपली घेऊन दारात. वरची भाकरी दिली आणि समोर उभी राहिली. पीठ ताजं, चव गोड. कडा मात्र कच्च्या. म्हणाले, "कडा कच्च्या आहेत. अशा पाठवू नकोस."
तिने चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेली आणि माझा गॅस पेटवला. एकेक भाकरी पुन्हा शेकली, कडा दाबून दाबून. मी गरम भाकऱ्या फडक्यात गुंडाळत होते. निघताना टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "उद्या पण येते दाखवायला."
आता साडेबारा. यार्डात पंगत बसली असेल. मंगलचा फोन नाही अजून.