जेवणाबरोबरचा चहा

ए ताई,

"प्रिय" लिहिलं असतं तर तूच विचारलं असतंस, "चिंगे, ताप आलाय का तुला?" म्हणून नुसतं ए ताई.

तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही मी. वर्षश्राद्धाला बाबा म्हणाले, चार शब्द लिही, फोटोजवळ ठेवू. नाही लिहिले. राग होता, दुसरं काय! आज मात्र विचारायला दुसरं कुणीच नाही. आई आत स्वयंपाकघरात आहे. कुकर लावलाय तिने. कुकर उतरला की ती ताटं घेईल आणि माझ्या ताटाशेजारी चहाचा कप ठेवेल. तो कप मी उचलायचा की नाही, एवढंच मला ठरवायचंय. हसू नकोस!

सकाळपासून या फ्लॅटमध्ये येरझारा घालतेय. बाल्कनीत जावं तर खाली झिरकपूरचा जाम, हॉर्नवर हॉर्न. आत यावं तर आईच्या बांगड्या वाजतात. जरा टेकलं की पोटातलं लाथा मारतं.

हो, पोटातलं! बातमी आधी सांगायला हवी होती ना? सातवा लागलाय मला, बाळंतपणाला आईकडेच आलेय. मनदीपशी लग्न झालं, तू गेल्यानंतर वर्षाने. तोच मनदीप, ज्याला तू पहिल्याच भेटीत फर्मावलं होतंस, "कुंडली-वुंडली छोड़ो, पहले खून की जाँच कराके आओ." बिचारा खरंच गेला तपासणीला! त्याचा रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. म्हणजे तुझा थॅलेसेमिया या बाळाला होणार नाही, महिन्या-महिन्याला रक्त चढवावं लागणार नाही. फार तर माझ्यासारखं होईल, नुसतं वाहक, थोडंसं फिकुटलेलं. ती काळजी तू जाण्याआधीच मिटवून गेलीस.

आता खरी गंमत ऐक. माझ्या अंगात लोखंड कमी पडलंय. आपल्या घरात, ताई! लोखंड! कमी!

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "फेरिटिन बहुत कम है," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे वा!" त्यांनी चष्म्यावरून असं काही बघितलं माझ्याकडे. त्यांना काय माहीत? शरीरात लोखंड किती साठलंय ते सांगणारा तो आकडा दुसऱ्यांच्या घरी मुलांचे मार्क विचारतात तसा आपल्याकडे विचारला जायचा. तुझा फेरिटिन वाढला की घरात सुतक, उतरला की बाबा सेक्टरच्या मार्केटमधून जिलेबी आणणार. कमी म्हणजे चांगलं, एवढंच मी आयुष्यभर शिकले.

त्यांनी लिहून दिलेल्या गोळीवर काय छापलंय सांगू? फेरस एस्कॉर्बेट. लोखंड आणि व्हिटॅमिन सी, दोघंही एकाच गोळीत, गळ्यात गळा घालून! आपल्या घरात त्या दोघांनाही उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. आईने लोखंडी तवासुद्धा देऊन टाकला होता, आणि लोखंड अंगात मुरवतं म्हणून लिंबूही बंद. तरी घेते मी ती गोळी. डोळे मिटून घेते. पण आकडा काही हलेना.

परवा मॅडमनी विचारलं, "बेटा, गोली किसके साथ लेती हो?"

"खाने के बाद, चाय के साथ."

"चाय? खाने के साथ चाय?"

"हमारे यहाँ खाने के साथ ही पीते हैं."

"ये कौन-सी मराठी रीत है भई?" असं म्हणून त्या हसल्या. मीही हसायला हवं होतं. मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

कुठली मराठी रीत! मावशी कोल्हापूरहून आली होती तेव्हा तोंडाला पदर लावून बसली होती, आठवतं? "वरणभाताबरोबर चहा? काय बाई एकेक!" आई तिच्यावर काय उखडली होती! लोखंड अडवायला तुला चहा घ्यावा लागतो, मग एकटीला कशाला, सगळेच घेऊ, असं बाबांनी ठरवलं. तू पाच-सहा वर्षांची असशील. मला तर कळायला लागल्यापासून भात आणि चहा एकत्रच ठाऊक आहे. शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी जेवायला गेले आणि चहा मागितला, तेव्हा तिच्या आईने मला वेड्यात काढलं.

आणि तू गेलीस तरी तो कप गेला नाही. आई अजून करते. आम्ही अजून पितो.

मॅडमनी सरळ सांगितलं, चहा बंद. चहा लोखंड आतड्यात शिरू देत नाही, गोळी वाया जाते. माझं रक्त मुळातच कमी. बाळंतपणात आणखी गेलं तर अंगात राहणार काय? पुढच्या तपासणीपर्यंत सुधारलं नाही तर शिरेतून लोखंड चढवावं लागेल. म्हणजे स्टँडला टांगलेली बाटली, कॉटवर मी आणि शेजारी स्टुलावर आई. ताई, तिला परत त्या स्टुलावर बसवू मी? अर्धं आयुष्य तिने त्यावरच काढलंय.

मग सोड की चहा, असं म्हणशील. सोपं आहे तुला सांगायला! तिला कोणत्या तोंडाने सांगू, की आई, तू ताईसाठी जे करत होतीस त्याने आता माझ्या बाळाचं नुकसान होतंय?

आणि तू, तू एक शहाणी! तुला सगळं माहीत होतं. सेक्टर चौतीसच्या त्या कोचिंगमधून शिकवून आलीस एकदा, हात खडूने पांढरे झालेले, आणि मला जवळ ओढून म्हणालीस, "चिंगे, एक गंमत सांगते, आईला सांगायची नाही. चहातलं टॅनिन लोखंडाला धरतं, खरंय. पण माझ्या अंगात लोखंड जेवणातून येतंय किती? चिमूटभर. सगळं येतं ते चढवलेल्या रक्तातून. चहा पिऊन त्याचं काय होणार?"

"मग कशाला पितेस?" मी विचारलं.

"आईला करण्यासारखं काहीतरी नको का!" असं म्हणालीस आणि मला गळ्याची शपथ घातलीस. अशी शपथ कुणी घालतं का धाकट्या बहिणीला? इतकी वर्षं गिळून बसलेय मी ती.

काय शिकवायचीस गं तू! ते लोखंड बाहेर काढणारं औषध, तो रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई लावून चालणारा पंप. कधी सकाळच्या वर्गापर्यंतही संपलेला नसायचा. तो सरळ टेबलावर ठेवून म्हणायचीस, "देखो, इसको चिलेशन कहते हैं. केकड़े की तरह आयरन को दोनों तरफ से पकड़ता है और बाहर ले जाता है." कुणीतरी विचारलं होतं, "मैम, दर्द नहीं होता?" तू म्हणालीस, "होता है यार, पर चैप्टर पक्का हो जाता है." आणि घरी? सकाळी लघवी लालसर झाली की बाथरूममधूनच ओरडायचीस, "आलं गं आई, लोखंड आलं!" दुसऱ्या कुठल्या घरात अशा आरोळीने दिवस उजाडत असेल!

तरी साठायचं ते साठलंच. हृदयात जाऊन बसलं.

मला तो डबा विसरता येत नाही. हॉस्पिटलमधला, तुझ्या शेवटच्या आठवड्यातला. डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन सांगितलं होतं, "जो मन करे, खिलाइए." आईने वरणभात आणला, तूप आणि लिंबाची फोड. लिंबू! जन्मभर तू त्याच्यासाठी भांडलीस. मोसंबीच्या रसाच्या गाड्यावर चोरून पिताना मी तुला पकडलंही होतं. आणि त्या दिवशी ती फोड समोर आली, तर तू नुसती बघत राहिलीस.

"हे काय?"

"खा गं. चालतं आता," आई म्हणाली.

"आता म्हणजे?"

आई डब्याचं झाकण पुसत बसली. तू फोड बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "माझा चहा कुठाय?" आई पदर सावरत कँटीनकडे अक्षरशः धावली. तू दोनच घोट घेतलेस. तेव्हापासून मीही लिंबू खाल्लं नाहीये, ताई. पिळायला घेतलं की हातच थांबतो.

कुकरची वाफ गेली वाटतं. आई हाक मारतेय. अजून माझं काहीच ठरलं नाही. जाते.

आले परत. ऐक काय झालं.

आईने ताट ठेवलं, शेजारी कप ठेवला. मी म्हटलं, "आई, चहा नको."

"का गं? मळमळतंय?"

मग सांगितलं सगळं. मॅडम, गोळी, फेरिटिन. ती ऐकत होती, पण कप काही उचलेना. म्हणाली, "बरं. मग अर्धाच घे."

आणि माझा तोल गेला. मी ओरडले, ताई. "अगं अर्धा कशाला, त्या चहाने काहीच होत नव्हतं! तिचं लोखंड रक्ताच्या पिशवीतून येत होतं! तिनेच सांगितलं होतं मला, शपथ घालून! फक्त तुला बरं वाटावं म्हणून प्यायची ती!"

मोडली तुझी शपथ. मला वाटलं, आता आई कोसळणार.

ती खुर्चीवर बसली. पदराने कपाळ टिपलं. म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं होय?"

"काय?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी मला ती शाळेत असतानाच सांगितलं होतं, चहाने फारसं काही होणार नाही म्हणून. मी बंदच करणार होते. पण ती प्रत्येक घोटाला माझ्याकडे बघायची. आई खूश आहे ना म्हणून बघायची गं. मग मी कसा बंद करू?"

ऐकलंस का, ताई? तू तिच्यासाठी पीत राहिलीस आणि ती तुझ्यासाठी करत राहिली. आणि मी मूर्ख मधल्या मधे शपथ सांभाळत बसले! एकमेकींना एकदा सांगितलं असतंत तर आपण साधा वरणभात जेवलो नसतो का? की सांगूनही तुम्ही दोघी चहाच घेत बसला असतात? मला वाटतं, बसला असतात.

आईने दोन्ही कप उचलले आणि आत गेली. रडायला गेली असं वाटलं मला. तिने फ्रिज उघडल्याचा आवाज आला. लिंबू घेऊन आली, विळीवर चिरलं, बिया बोटाने काढल्या आणि माझ्या भातावर पिळलं. जरा थांबली, मग स्वतःच्या भातावरही पिळलं. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आंबट आहे गं." बस, एवढंच. मग आम्ही दोघी रडत रडत जेवलो. मी दुसऱ्यांदा भात घेतला. इतकं चांगलं लागतं हे, ताई, आणि तुला नाही मिळालं! याचा राग मला कायम येणार आहे, सांगून ठेवते.

आता शब्द देते, ऐक. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेईन, रोज, न कुरकुरता. चहा दुपारी उशिरा, जेवणापासून लांब, आईबरोबर, तुझी निंदा करत पिईन. आणि बाळाचं उष्टावण असेल तेव्हा पहिल्या घासावर लिंबाचा एक थेंब पिळेन. तुझ्या फोटोसमोरही पान वाढेन, वरणभात, तूप आणि लिंबाची अख्खी फोड. आई म्हणेल, "खा गं, चालतं आता."

तेव्हा "आता म्हणजे?" असं विचारलंस, तर या वेळी उत्तर आहे आमच्याकडे. ते मांडीवर बसलेलं असेल.

तुझीच,
शपथमोडी चिंगी