अर्धा मिलिमीटर

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कारखान्यात ओतलेलं कडक प्लास्टिकचं झाकण पोचलं. देखणं झालंय. माझ्या कामाचं मात्र विचारू नकोस. जिच्यापायी तीन वर्षं घरी यायचं टाळलं, ती माझी नखाएवढी अँटेना उघडी असली की ठरलेल्या लहरींचा अख्खा पट्टा टिपते. झाकण घातलं की खालच्या अर्ध्या पट्ट्याला ठार बहिरी. या लहरी बोटाच्या पेराहून लहान, जरा काही चुकलं की रुसतात. म्हणजे चूक माझ्याच आखणीत असणार. रोज नव्याने आखते आणि रोज येरे माझ्या मागल्या.

अठरा तारखेला तपासणी आहे. तोवर जमलं नाही तर आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई जुनी, वहीएवढी अँटेनाच घेणार आणि माझी कपाटात जाणार. खरं सांगू, रडू येतं.

वहिनीला नमस्कार. आठवण काढत जा, एवढंच मागणं.

तुझी,
धांदरट

९ मार्च

चि. धांदरटबाईस,
अ. उ. आ.

वहिनी म्हणते, पोरगी उपाशीपोटी काम करत असणार. तेव्हा आधी जेव. शाळेत असताना तू माझा रेडिओ खोलून बसली होतीस, आठवतं? मी डोक्याला हात लावला होता. पण महिन्याभराने का होईना, वाजवून दाखवलास. हेही जमेल.

झाकणाची तरी काळजी करू नकोस. तुझ्या हातून घरातला एक कप धड राहिला नाही, हे मी विसरलोय होय? म्हणून तू दिलेल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाडच ओतलंय. खुशाल आपट. कारागीर हसले, तर म्हटलं, बहीण माझी आहे, तुमची नाही.

तब्येतीला जप. आमचं लक्ष तुझ्याकडेच आहे.

तुझा,
दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना वाचलं आणि घास हातातच राहिला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! दुसऱ्या कुणाचं झाकण असतं तर आधी मोजलं असतं. तुझं, म्हणून मोजलंच नाही. तुझा अर्धा मिलिमीटर या लहरींना आडवा येत होता. राग आला, भयंकर आला. तेव्हाच लिहायला बसले असते तर तुझी धडगत नव्हती. मग ते ‘बहीण माझी आहे’ वाचलं पुन्हा, आणि राग धरवेना.

इथल्या यंत्रावर झाकण घासून मापात आणलं. तपासणीत पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं नीट ऐकू आलं. आमच्या बाई एरवी कुणाला बरं म्हणून म्हणत नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि पुढचं काम माझ्या अँटेनावरच करायचं असं सांगितलं. दादा, मी सगळ्यांसमोर रडले.

त्याच आनंदात झाकण उचलून पलीकडच्या खोलीत दाखवायला निघाले, आणि ते हातून पडलं. सरळ दोन तुकडे.

तेव्हा नवं झाकण मापातच ओत, पण एकाऐवजी चार-सहा पाठव. लोभ मात्र मापापेक्षा जास्तच असू दे. तो मी यापुढेही मोजणार नाही.

तुझी,
धांदरट