परशुरामाचा तळहात

ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १८०८

तीर्थरूप दादांचे सेवेशी,
बालक विश्रामचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. येथे सर्व खुशाल, पण पुढचे लिहिण्यास हात धजत नाही. हायस्कुलातली मोठी पोरे मधल्या सुट्टीत विहिरीमागे तंबाखू खातात, म्हणून हेडमास्तरांनी काल मॅट्रिकच्या आदल्या, सहावीच्या सर्व मुलांचे तळहात हुंगले. आपण माझ्याकडे शिकायला ठेवलेल्या परशुरामाच्या हाताला वास आला. खुलासा मागितला, तर गप्प. सोमवारपर्यंत बोलला नाही तर शाळेतून नाव काढणार, मग मॅट्रिक कसली?

गेल्याच महिन्यात त्या शाळेत मी व्यसनांविरुद्ध भाषण दिले, आणि माझ्याच घरात हे. रागावलो, एक वेळ जेवूही दिले नाही. आपण वडील बंधू आहात, चार शब्द लिहावेत.

आपला आज्ञाधारक,
विश्राम

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध ६

चि. विश्राम यास हरिहरचे अनेक आशीर्वाद.
तुझ्या भाषणाची तारीफ इथवर आली होती. परशुराम दिवाळीत घरी आला तेव्हा त्याच्या अंगठ्याची कातडी चुन्याने फाटली होती. मी विचारले, तर हसून उठून गेला. तंबाखू मळायला तुला लहानपणापासून दुसऱ्याचा हात लागतो. पूर्वी तो आपल्या बहिणीचा, शकूचा होता. आता कोणाचा आहे, एवढेच कळव. मुलाला मी काही लिहीत नाही. त्याला पोटभर जेवू घाल.

हरिहर

ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध ९

तीर्थरूप दादांस शि. सा. नमस्कार.
आपले पत्र पोहोचले. रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी परशुरामच मला मळून देतो. पाणी भरावे तसे ते मला घरकाम वाटत होते. भाषणापूर्वी मी त्याला एवढेच बजावले होते की हे बाहेर कळता कामा नये.

आज शाळेत गेलो. भर वर्गात सांगितले, तंबाखू माझी, हात त्याचा. पोरे हसली, मास्तर खाली पाहू लागले. लाज वाटली, पण खोटे कशाला लिहू, पोराचा अभिमान त्याहून मोठा होता. हेडमास्तरांनी परशुरामाला विचारले, हे खरे का? त्याने आधी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, तेव्हाच तो होय म्हणाला.

दादा, मुलगा आपला आहे, तरी आज मला तो माझा म्हणू द्या. या धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

विश्राम