कोड जावयाच्या फोनवर

२० मे, बुधवार

माझ्या स्वयंपाकाच्या चॅनलवरून पुन्हा एक व्हिडिओ गेला. उकडशेंगोळ्यांचा. चुलीपुढं बसून हात भाजून घेतला होता त्या दिवशी. सकाळी बघते तर जागेवर न्हाई. मागच्या आठवड्यात चुरमुऱ्यांच्या सुशील्याचा गेला, त्याच्या आधी आंबाडीच्या भाजीचा. मालक म्हणतात, आपोआप गेला असंल. माझ्या घरातून चमचा आपोआप जात न्हाई, व्हिडिओ बरा जाईल.

नंदाला विचारलं, तू काढलास का. "माय, मी कशाला काढू?" मग कोण? फोन आम्हा मायलेकींच्याच हातात असतो. होळीपासून नांदेडहून येऊन बसलीय. नवऱ्याशी काय बिनसलं ते सांगत न्हाई, आता व्हिडिओत येत न्हाई, विचारलं की भांडी घासायला घेते. गेलेले तिन्ही जुने, तिन्हीत तिचाच आवाज होता. मग दुसरं कोण असणार? लई बोलले तिला. जेवली न्हाई.

२१ मे, गुरुवार

रज्जाकभाईच्या मोबाईलच्या दुकानात गेले. म्हणलं, पासवर्ड बदलून द्या. जुना ऐकून हसले. जावई आणि नंदा, दोघांची नावं जोडलेली. चॅनल जावयांनीच काढून दिलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला. "मामी, तुमच्या हाताची चव जगाला कळू द्या." फोन धरायला पण तेच उभे राहायचे. तवाची गोष्ट.

रज्जाकभाई म्हणाले, "खाला, ऐसा पासवर्ड मत रखो. लेकराचं नाव नको, देवाचं नको. आधा मुरुड महादेव के नाम पे चल रहा." मग असा ठेवला की माझ्या बापाला सुचला नसता. इथं लिहीत न्हाई.

नंदाला सांगितला न्हाई. बघू आता कसं काढते.

२२ मे, शुक्रवार

जावयांना फोन करून नवा पासवर्ड सांगितला. (इथून पुढं जावयांना नुसतं जा. लिहिते, हात दुखतो.) सांगायलाच पाहिजे. त्यांनी काढून दिलेलं चॅनल, त्यांना न विचारता बदललं तर म्हणतील सासुरवाडीनं परकं केलं. आधीच लेक इथं.

जा. लई गोड बोलले. "बरं केलं मामी, चोर लई झालेत आजकाल." एकेक अक्षर दोनदा विचारून घेतलं. नंदाचं विचारलं न्हाई. मालक खूश. "जावयाचा मान ऱ्हायला पायजे."

जरा जीव भांड्यात पडला.

२५ मे, सोमवार

येळवशीचा गेला.

सुशीला उद्या करीन, शेंगोळे परवा करीन. येळवस कुठून आणू? वर्षातून एकच वेळा अमावस्या. रानातली सगळ्या भाज्यांची भज्जी, आंबील, आणि नंदा पदर खोचून कडब्याच्या कोपीभोवती आंबील शिंपडत चाललेली. ढेकळावरून पाय सरकून आपटली, तशीच बसून हसत राहिली. मी मागून ओरडते, "मडकं सांभाळ, कंबर नंतर बघू!" तो व्हिडिओ लोकांनी लई बघितला.

आता तसं हसत न्हाई ती.

पासवर्ड मला माहीत. नंदाला न्हाई. मालकाला फोन उचलता येत न्हाई धड. म्हणजे उरलं

२६ मे, मंगळवार

रात्रभर डोळा लागला न्हाई. सकाळी नंदाला म्हणलं, तू न्हाईस काढले.

"मला माहीत हाय कोण ते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू पयल्या झटक्यात माझंच नाव घेतलंस. मग काय बोलू?"

थोडं थोडं सांगितलं मग. येळवशीच्या व्हिडिओखाली कोण्या टवाळानं तिच्या हसण्यावर घाण लिहिलं. ते जा. च्या दुकानातल्या लोकांनी वाचलं, जा. ची चेष्टा केली. तेव्हापासून घरात रोज तेच. तू हसलीसच का. लिहिणाऱ्याला कोण बोललं न्हाई, हसणारीला बोलले. आणि हे लेकरू तोंड दाबून बसलं, मला चॅनलची हौस म्हणून.

दुपारी रज्जाकभाईकडं. गेलेले परत आणा. "खाला, जो गया सो गया." पासवर्ड पुन्हा बदलला. या वेळी कोणालाच सांगितला न्हाई. मी निवांत झाले, तर ते म्हणाले, निवांत होऊ नका. चॅनलला नंबर लावलाय तो जा. चा. पासवर्ड विसरलो म्हणून दाबलं की कोड त्यांच्याच फोनवर जाणार, कोड टाकला की दार उघडं. त्यांचा नंबर काढून माझा लावायचा तरी आधी त्यांच्याच फोनवर कोड. "मतलब दामाद को पूछनाच पडता."

२७ मे, बुधवार

जा. ला फोन केला. सरळ विचारलं, काढले का तुम्ही.

"काढले. माझी बायको हाय त्याच्यात."

"भज्जी माझी होती त्याच्यात."

मग म्हणाले, "मामी, एवढं करा. धोंड्याचा महिना संपायच्या आत नंदाला पाठवा. ती इथं आली की कोड लगेच सांगतो. तवर एखादा व्हिडिओ राहील न राहील, मी काय सांगू."

म्हणजे लेक पाठवा आणि चॅनल घ्या.

मालकाला सांगितलं तर म्हणतात, "जावयालाच बोलवू. कापड घेऊ, धोंडे करू, पुरणानं तोंड गोड झालं की सगळं बसतं. मग जाईल ती." मी म्हणलं, ताटात पुरण वाढायचं का लेक वाढायची? तर आपल्या किराणा दुकानात निघून गेले. पोतं उतरायचंय म्हणे. पोतं सकाळीच उतरलं होतं.

२९ मे, शुक्रवार

सारखा फोन उघडत राहिले. भाकरी थापता थापता उघडते, फोन पिठानं भरला. नंदाचा एकच राहिलाय, येसर आमटीचा. तिनंच धान्य-मसाला भाजून येसराचं दळण करून दाखवलंय, बोलणंही तिचं. तो बघूनच बाया येसर मागतात, पार हिमायतनगरहून एकीनं मागवलं. तो हाय अजून. चार वाजता हाय. पाचला पण हाय.

रज्जाकभाईनं तेवढा माझ्या फोनात उतरवून दिला. पण जा. नं ठरवलं तर आख्खं चॅनलच पुसता येतं म्हणे. व्हिडिओ उतरवून घेतला, बाया कशा उतरवू? एक लिहिते, तुमचं बघून सासूनं पयल्यांदा चांगलं म्हणलं. माझ्या गळ्यात असे मोती कोणी घातले न्हाईत. चौथीत शाळा सुटली तवापासून मला कोणी काही विचारलं न्हाई, आता विचारतात, काकू, मीठ किती.

पाठवावं का नंदाला? चार दिवसांसाठी. कोड घ्यावा आणि

न्हाई. असलं डोक्यात येतं म्हणजे मीच

१ जून, सोमवार

आज ती चार दिवसांची गोष्ट माझ्या तोंडून निघाली. नंदा शेंगा फोडत होती. फोडायची थांबली न्हाई.

"बाप म्हणतो, जा; तो म्हणतो, ये. तू म्हणतीस चार दिवस. माय, मला जायचंय का न्हाई, हे एकानं तरी विचारलं का?"

मी म्हणलं, बरं, विचारते. जायचंय का?

"आता विचारलंस, तर आता विचार करते."

तोंडावर मारल्यासारखं. मी शेजारी बसून शेंगा फोडायला घेतल्या.

२ जून, मंगळवार

येसराचा हाय अजून. मालक विचारतात, धोंड्याचं काय ठरलं? म्हणलं, तुमच्या लेकीला विचारा. म्हणाले, तिला काय विचारायचं. नंदा तिथंच उभी होती. मालकांनी चष्मा पुसायला घेतला.

३ जून, बुधवार

सकाळी नंदा आपण होऊन चुलीपाशी आली. "त्याला आवाज पाठवू आपण. फोनवर तू चिडतीस, मग तो चिडतो." मालक म्हणाले, जावयाला असं बोलत न्हाईत. मी म्हणलं, मग तुम्ही बोला.

बटण दाबून धरलं. जे बोलले ते तसंच लिहून ठेवते, उद्या कोणी म्हणू नये जास्त बोलली.

"जावईबापू, मी मुरुडहून मामी बोलते. चॅनल तुम्ही काढून दिलं, ते मी विसरले न्हाई, सगळ्यांना सांगते. पण चूल माझी हाय, हात माझे हायत. लेक देऊन कोड घेणारी मी न्हाई. कोड वेगळा, नंदा वेगळी. रज्जाकभाईच्या दुकानात मी शुक्रवारी दुपारी बसते. कोड तुमच्या फोनवर येईल, तो मला सांगायचा, बस. देता का न्हाई, शुक्रवारी दुपारच्या आत सांगा."

बटण सोडणार, तर नंदानं माझ्या हातासकट फोन धरला आणि तोंडापाशी नेला.

"आणि मी पडल्यावर हसले, त्याच्यात माझं काय चुकलं, तेबी शुक्रवारपर्यंत सांगा."