अकराव्या कलमाला आक्षेप

प्रिय ठकू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकशील. गेले सात महिने आपण दोघी एकमेकींशी फक्त टेबलावरून बोलतोय. तू मला 'वस्तीच्या प्रतिनिधी' म्हणतेस, मी तुला 'अध्यक्ष महोदया' म्हणते. मागच्या मंगळवारी तू पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवलास आणि मी 'आभारी आहे' म्हणाले. पोटच्या पोरीला आभारी आहे म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही, याचंच मला नवल वाटलं. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू 'आई, नंतर बोलू' म्हणतेस, आणि तुझं नंतर म्हणजे सरकारी नंतर. कागद मात्र तू कधी अर्धा वाचून टाकत नाहीस. तेवढं एक वळण मी तुला लावलं.

गुडघा बरा आहे. जिना चढताना कुरकुरतो, पण घरात कुणीतरी बोलणारं हवंच. जावईबापूंचा खोकला कमी झाला का ते कळव. आता मुद्द्यावर येते. सगळं तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण रागात माणूस क्रम चुकतो आणि मला यातलं काही चुकवायचं नाही.

कपड्याच्या कारखान्यात पाळणाघर करायचं ठरलं, ही गोष्ट चांगली. सरकार, मालक, युनियन आणि वस्ती अशा चौघांनी मिळून ठरवायचं, हेही चांगलं. मालकांनी दाया आणि दूध द्यायचं, सरकारने परवाना आणि तपासणी, युनियनने देखरेख. जागा आमची. वाचनालयाची खोली, जी वस्तीने स्वतः विटा वाहून बांधली. म्हणून तर चौथी सही आमची लागते. नाहीतर कोण विचारतंय आम्हाला? वस्तीने मला पाठवलं, कारण त्या कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं मी टाइमकीपर होते आणि मसुद्यातलं इंग्रजी मला वाचता येतं. कॉन्व्हेंटचा एवढा तरी उपयोग.

मग आलं अकरावं कलम. पाळणाघर फक्त कायम कामगारांच्या मुलांसाठी. कंत्राटी बायकांच्या मुलांचा विचार 'दुसऱ्या टप्प्यात'. कायम बायका चारशे, कंत्राटी अकराशे. त्या अकराशेतल्या निम्म्या आमच्या वस्तीतल्या. म्हणजे खोली आमची आणि पोरं आमचीच बाहेर. चहाच्या सुट्टीत मालकांच्या प्रतिनिधीने, ज्यांना वस्तीत सगळे 'लोणी' म्हणतात, मला आपल्या मऊ आवाजात समजावलं, की त्या बायका कंत्राटदाराच्या, कारखान्याच्या नव्हेत. मग त्यांची मुलं कारखान्याची कशी? मी त्यांना विचारलं, की त्यांनी लावलेली बटणं तरी कारखान्याची ना, की तीही कंत्राटदार घरी नेतो? ते हसले. त्यांना हसायचा पगार असावा. युनियनचे दादा मान खाली घालून बिस्किट बुडवत होते. मला म्हणाले, मावशी, आधी हाती लागतंय ते घेऊ, बाकीचं पुढच्या करारात बघू. त्यांचे सभासद चारशेच, त्यामुळे त्यांची कळकळही चारशेपुरतीच. एरवी माणूस वाईट नाही.

यावर तू म्हणशील, एवढं सगळं चहा पिताना बोललीस, मग टेबलावर का नाही? तिथेच येते आहे.

तुझ्या समितीची रीत मला पाठ आहे. तू कलम वाचतेस, आम्हा तिघांकडे एकेकदा बघतेस, आणि हातातली पेन्सिल आडवी ठेवतेस. पेन्सिल टेबलाला टेकली की कलम मान्य. मंगळवारी अकरावं कलम तू पाढे म्हटल्यासारखं घाईने वाचलंस. त्याआधी दहा मिनिटं तुला मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आला होता, हे बाहेरच्या बाकावरच्या शिपायालासुद्धा कळलं. तू मालकांकडे बघितलंस, दादांकडे बघितलंस, आणि मग माझ्याकडे. पेन्सिल हातातच राहिली. मी तुझा तो चेहरा ओळखते. दहावीच्या निकालाच्या दिवशी तो असाच होता. आणि ठकू, मी गप्प बसले. जिच्या जिभेला फाटकावरचे पहारेकरी टरकून असत, ती बाई नखं बघत बसली. पेन्सिल टेकली. तू बारावं कलम वाचायला घेतलंस.

संध्याकाळी काजं-बटणं करणारी ती उंच मुलगी घरी आली, दोन पोरांची आई. धाकट्याचं नाव कुठे द्यायचं, विचारत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, टप्पे, कंत्राट, पुढचा करार. तिने शांतपणे ऐकून घेतलं. भांडली असती तर मी भांडले असते, त्यात माझा हात कुणी धरत नाही. ती एवढंच म्हणाली, "पण मावशी, तुम्ही होता ना तिथे?" आणि चपला घालून निघून गेली. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणं हे पाप, पण गरजेच्या वेळी गप्प बसणं त्याहून मोठं, कारण ते सभ्य दिसतं. तेव्हा मला ते नुसतं वाक्य वाटायचं.

आता तुला एक सांगायचं आहे, जे मी पस्तीस वर्षं सांगितलं नाही. तू चार वर्षांची असताना मी कामावर जायची तेव्हा तू शेजारच्या आजींकडे असायचीस, असं आपण सगळ्यांना सांगतो. तूही सांगतेस. आजी होत्या, पण त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्या मुलाकडे राहायला गेल्या. त्यानंतर चार महिने तू कुणाकडेच नव्हतीस. मी तुला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जात असे. इतरांच्या उशिराची नोंद करणारी मी. मीच उशिरा येऊन चालणार नव्हतं. दुपारच्या सुट्टीत धावत येऊन तुला भरवायची आणि पुन्हा कुलूप. एकदा सुट्टी चुकली. संध्याकाळी दार उघडलं तर तू फरशी पुसत होतीस, अंगातला फ्रॉक काढून, त्याच फ्रॉकने. कपड्यात शू झाली म्हणून मी रागावेन, या भीतीने. फरशी अगदी स्वच्छ होती. तू मला म्हणालीस, "कुणाला सांगू नको हं." तू मला, ठकू. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लावलं.

अशी किती कुलपं आज वस्तीत रोज सकाळी लागतात, ते मी माझ्या खिडकीतून मोजू शकते. मोजत नाही.

मी आक्षेप घेतला तर काय होईल, याचा विचार मी केलेला नाही असं समजू नकोस. करार पुन्हा उघडेल. लोणी सांगून मोकळे झालेत, की मग ते माल दुसऱ्या गावी शिवून घेतील. ती धमकी असेल, नसेलही. खरी ठरली तर चारशे जणींच्या पदरात पडलेलं मी काढून घेतलं असं होईल, आणि त्यातल्या कित्येकींच्या लग्नाला मी गेले आहे. दादा माझं तोंड बघणार नाहीत. हे सगळं दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं. तरी आमच्या खोलीच्या दाराशी उभं राहून आमच्याच पोरांना हाकलण्यावर मी सही करणार नाही. चूक असेल तर ती या वेळी बोलून केलेली असू दे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. समितीचा तो नियम तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे: मान्य झालेलं कलम पुन्हा उघडायचं असेल, तर जो गप्प बसला त्यानेच गप्प बसण्याचं कारण लेखी द्यायचं आणि ते अध्यक्षांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचायचं. मी कारण लिहिलं आहे. चार वेळा खोटं लिहून बघितलं, की कलम नीट ऐकू आलं नाही, तब्येत बरी नव्हती. माझ्या अक्षरात ते शोभेना. खरं कारण एका ओळीचं आहे. अध्यक्षा माझी मुलगी आहे, आणि तिची बढती या सहीवर अवलंबून आहे. सभासदांमध्ये नातं नाही, या कागदावर मी सही केली तेव्हा ते खरं होतं. तुझी बदली या खुर्चीवर नंतर झाली. 'पुढच्या बैठकीत सांगते' असं तू म्हणालीस, मी 'बरं' म्हणाले, आणि मग प्रत्येक वेळी पुढची बैठक आली. ही माती आपण दोघींनी मिळून खाल्ली. माझा कागद गुरुवारी दहा वाजता टेबलावर येईल आणि तो तुला तुझ्या तोंडाने वाचावा लागेल. हे पत्र मंगळवारी तुझ्या हातात पडेल अशी व्यवस्था केली आहे. मधला बुधवार तुझा आहे. कचेरीत जा आणि आपलं नातं तूच सांग, माझ्या आधी. खुर्ची कदाचित दोन्हीकडून जाईल. पण तू स्वतः उठलीस की कुणी उठवलं, यातला फरक पुढची वीस वर्षं तुला रोज कळेल. मागच्या वेळी तू चार वर्षांची होतीस आणि मी तुला गप्प राहू दिलं. तेव्हा मला तेच सोयीचं होतं.

तुझीच, गुरुवारी समोर बसलेली असले तरी,
आई